एका लाईटवरचा स्टुडिओ

आपण आपल्या लेकीला अंधारात तर वाढवत नाही ना? या एका प्रश्नानं मध्यंतरी माझी झोप पार उडवली होती. आणि अंधार म्हणजे कवितेतला नव्हे. खरोखरचा. खिडक्यांना प्लायवूड ठोकलेला, दाराला जाड पडदा लावलेला, पाठीमागं काळं कापड सोडलेला अंधार.

सोनपेठला आमचा फोटो स्टुडिओ आहे. घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. स्टुडिओत लाईट एकच. त्या एका लाईटवर आम्ही माणसांचे अर्धे उजेडातले, अर्धे अंधारातले फोटो काढतो. आमची लेक मैत्री, बालवाडीत जाणारी, दुपारी घरी आली की त्याच खोलीत खेळते.

ही मैत्री घरात अखंड बोलते. भिंतीवरच्या पालीला दिवसभराचा रिपोर्ट देते. पण बाहेरचं माणूस उंबऱ्यात दिसलं की तोंड बंद. बालवाडीत तर तिनं जूनपासून एक शब्द काढला नव्हता. परभणीला डॉक्टरांना दाखवलं. कान ठीक, घसा ठीक. डॉक्टर म्हणाले, "बोलेल. घाई करू नका." मी बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले मार्क मिळवले होते. त्यात 'घाई करू नका' यावर चार मुद्दे लिहिल्याचं आठवतं. स्वतःच्या लेकराच्या बाबतीत त्यातला एकही मुद्दा उपयोगी पडला नाही.

त्यात शेजारच्या काकूंनी निदान करून टाकलं. "दिवसभर लेकराला काळ्या पडद्यात घेऊन बसतीस. कोंबडीच्या पिल्लालासुदिक उजेड लागतो. मंग पोरगी मुकी न्हाई तर काय होईल?"

बालवाडीच्या बाईंनी असं काही म्हटलं नाही. बाई उन्हाळ्यात रिटायर होणार होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "समद्या लेकरांचे आवाज मला पाठ हायत. डोळे झाकून सांगते कोण रडायलंय. हिचा तेवढा ऐकायचा राहिला." मग म्हणाल्या, "पहिलीत गेली अन् अशीच राहिली, तर मागच्या रांगेत बसवतेल. आन् विसरून जातेल."

ते 'विसरून जातेल' माझ्या उशीखाली येऊन बसलं. झोप येईना की मी स्टुडिओत आलेली माणसं आठवत पडायची. कारण या धंद्याचं एक बरं आहे. माणसं फोटो घेऊन जातात आणि किस्सा आमच्याकडं ठेवून जातात. ते साठत जातात. त्यातलेच काही सांगते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, या सगळ्यांचे आभार मानायचेच राहून गेलेत.

* * *

आधी आमच्याकडं दोन लाईट होते. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. चेहरा कसा लख्ख, रिकाम्या ताटासारखा सपाट. लोकांना तेच आवडायचं.

एप्रिलमध्ये जयंतीच्या स्टेजसाठी गल्लीतली पोरं एक लाईट मागून घेऊन गेली. माझा नवरा मिलिंद अशा कामाला नाही म्हणत नाही. मिरवणुकीच्या संध्याकाळी अवकाळी आला आणि लाईट भिजला. पोरं प्रामाणिक. त्यांनी तो कोरडा पुसला, त्याला शाल गुंडाळली, वर एक नारळ ठेवला आणि स्टेजवरच्या पाहुण्यासारखा घरी आणून पोचवला.

मिलिंदनं शाल काढून बटण दाबलं. आतून एक फट्ट असा आवाज आला आणि धूर निघाला.

मिलिंद म्हणाला, "सत्कार सोसला नाही बिचाऱ्याला."

मी त्या दिवसांत मोबाईलवर व्हिडिओ बघत बसायची. एकच लाईट, थोडा वर, थोडा बाजूला. नाकाची सावली गालावर उतरते आणि अंधारातल्या गालावर उजेडाचा छोटासा तिकोन उमटतो. बाकीचं सगळं काळ्यात विरघळतं. साधं माणूस विचारात पडल्यासारखं दिसायला लागतं. मी म्हटलं, आपण असे काढू.

"लोक म्हणतील, ह्यांचा दुसरा लाईट जळाला."

"जळालाच आहे ना?"

"हो, पण ते चेहऱ्यावर कशाला दाखवायचं?" मिलिंद म्हणाला. तरी दोन दिवसांनी त्यानंच शटरवर पाटी लावली, 'स्पेशल वन लाईट पोर्ट्रेट'. तेव्हापासून आम्ही स्पेशल आहोत.

लाईट लावताना स्टुलावर कुणीतरी बसावं लागतं. ते काम मैत्रीचं. ती उंच मान करून बसायची आणि मी लाईट हलवला की घरातल्या आवाजात विचारायची, "आला का तिकोन?" गिऱ्हाईक आत आलं की पडद्यामागं गडप.

* * *

पहिल्याच आठवड्यात एक नवरदेव आला. म्हणजे व्हायचा होता. बायोडाटासाठी फोटो हवा होता. शेतातून थेट आलेला, पण शर्ट कडक इस्त्रीचा. मी मन लावून काढला. एक डोळा उजेडात, एक सावलीत. मला तर तो एखाद्या मोठ्या विचारवंतासारखा वाटला.

त्यानं प्रिंट हातात घेतली, काळ्या बाजूवर बोट फिरवलं. पुसून बघितलं. "ताई, ह्या बाजूचा गाल कुठाय?"

मी त्याला सावली, मूड, खोली असं सगळं समजावून सांगितलं. बी.एड. कुठंतरी वापरायला हवंच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते समदं बराबर हाय. पर पोरीच्या घरच्यांना वाटंल, त्या गालाला काहीतरी झालंय."

मिलिंदनं मधला मार्ग काढला. लाईट दुसऱ्या बाजूला नेला, भांग जरा बदलायला लावला आणि दुसरा फोटो काढला. "दोन्ही पाठव. हिशोब पूर्ण."

त्यानं दोन्ही पाठवले. चारआठ दिवसांनी पेढे घेऊन आला, पण चेहरा गोंधळलेला. मुलीकडच्यांचा होकार आला होता. त्यांनी कळवलं होतं, दोघं भाऊ चांगले आहेत, पण मुलीला धाकटा पसंत आहे.

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मग काय, मीच गेलो," तो म्हणाला.

जाताना त्यानं दोन पेढे स्टुलावर ठेवले आणि पडद्याकडं बघून म्हणाला, "एक तुला, एक तुझ्या भावाला." मैत्रीला भाऊ नाही. दोन्ही पेढे तिनंच खाल्ले.

* * *

मागचा पडदा रहीमचाचांनी शिवलेला. चाचा आमच्या समोरचे टेलर. मी त्यांना निक्षून सांगितलं होतं, साधा काळा, बिनचमकीचा, काहीही डिझाईन नको. उजेड गिळून टाकला पाहिजे त्या कापडानं.

चाचांनी पडदा आणला तेव्हा खाली चांगली चार बोटं सोनेरी किनार होती.

"चाचा, हे काय?"

"भाभी, निरा काला अच्छा नै दिखता. मय्यत का घर लगता. तुम्हारी बच्ची खेलती इधर. मैं जरासी किनारी डाल दिया."

रात्रंदिवस माझ्या डोक्यात जे चाललं होतं, ते या माणसाला न सांगता कळलं होतं आणि त्यानं त्यावर चार बोटं सोनेरी जर लावली होती. किनार कापायची कैची मी दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवून दिली.

उभ्यानं काढलेल्या फोटोत ती किनार मागं चमकायची. मला लाज वाटायची. पुढच्या महिन्यात एक बाई सहकुटुंब आल्या आणि म्हणाल्या, "आमचा त्या जरीच्या पडद्यावरच काढा. आमच्या जावंचा काढला तसा."

चाचांची अजून एक गोष्ट. ते आले की पडद्याकडं बघून म्हणायचे, "सलाम, बेटी." आत सामसूम. मग स्वतःच बारीक आवाज काढून, "सलाम, चाचा. कैसे हैं?" पुन्हा जाड आवाजात, "एकदम मजे में, बेटी. तुम खाना खाये?" पुन्हा बारीक, "हौ चाचा, खिचडी खाये." असं दोन्हीकडचं बोलून घ्यायचे आणि समाधानानं निघून जायचे. उत्तराची वाट बघितली असं कधी झालं नाही.

एकदा मागच्या खोलीत मैत्री पालीला सलाम करत होती. मग पालीच्या वतीनं, बारीक आवाजात, तिनंच सांगितलं की खिचडी खाल्ली.

* * *

एका लाईटवर काम करायचं तर समोरून काहीतरी पांढरं, चकचकीत धरावं लागतं. नाहीतर सावली फारच गडद होते. लोक थर्माकोल वापरतात. आमच्या थर्माकोलला घुशीनं कोरलं. मग माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणते, स्वयंपाकघरातून स्टीलची परात घेऊन आल्या. "हिच्यात तोंड दिसतंय. उजेड का न्हाई दिसायचा?"

परात थर्माकोलपेक्षा बरी निघाली. मामी पदर खोचून, परात छातीशी धरून बाजूला उभ्या राहायला लागल्या. मी म्हणायची, "मामी, जरा वर." त्या परात वर उचलायच्या. उजेड गालावर सरकायचा.

एक दिवस एक तरुण आला. पोलीस भरतीत लागलेला, नवीन वर्दी. छाती काढून बसला. मी म्हटलं, "मामी, जरा पुढं." मामी परात घेऊन पुढं आल्या. तो ताडकन उठला, मामींच्या पाया पडला आणि खिशातली नोट काढून परातीत टाकली.

त्याला वाटलं, वर्दीतल्या पोराला आईच्या वयाची बाई ओवाळायला आली.

आम्ही दोघं नवराबायको अवघडून उभे. मामींनी मात्र त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कानशिलावर बोटं मोडली आणि परात पुन्हा जागेवर धरली. फोटोत त्या पोराचे डोळे असे काही भरून आलेत की मी तसे सांगून आणू शकले नसते.

गेल्यावर मिलिंद म्हणाला, "आई, नोट परत द्यायला पाहिजे."

"आशीर्वाद परत घेता येतो का? मंग नोट कशी देतोस?" मामी म्हणाल्या. त्या नोटेची मैत्रीला खडूची पेटी आली.

* * *

गोदावरीकाठच्या एका गावाहून एक आजी एसटीनं आल्या. एकट्याच. पिशवीत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो. काच तडकलेली, फोटो पिवळा पडलेला. नवरा तिशीतच गेलेला, मिशा राखलेला देखणा गडी.

"मी गेल्यावर ह्याच्या शेजारी लागायचंय मला. तसा काढ."

मी म्हटलं, काढते की. तर म्हणाल्या, "तसं न्हाई, माय. हा असा जवान. आन् मी ही अशी. शेजारी लागले तर लोक म्हणतेल, माय-लेक हायत."

आधी मी शिकल्यासवरल्यासारखा सोपा उपाय केला. फोटो काढून कॉम्प्युटरवर सगळ्या सुरकुत्या पुसल्या. आजींनी स्क्रीनकडं बघितलं. सोललेल्या अंड्यासारखा चेहरा. "ही कोन?" त्यांनी विचारलं. मी गुपचूप तो फोटो उडवला.

मग मी त्यांच्या नवऱ्याच्या फोटोकडं नीट बघत बसले. तोही एकाच उजेडातला होता. कुठल्या तरी दारात बसवून काढलेला असणार. उजवा गाल उजळ, डावा बुडालेला. मी आमचा लाईट त्याच बाजूला नेला. खाली घेतला, दाराचा उजेड जसा आडवा येतो तसा. आजींना पदर डोक्यावरून पुढं घ्यायला लावला. मामींना सांगितलं, परात नको, सावली राहू दे. आता आजींचा फक्त एक गाल, कपाळाची कड आणि दोन डोळे उजेडात होते. वय अंधारात गेलं होतं. पुसलं नव्हतं, नुसतं गेलं होतं.

तेवढ्यात पडद्याच्या कडेनं मैत्री डोकावली आणि आजींनी बघितलं तशी आत ओढली गेली. माझं नेहमीचं सुरू झालं, "ती बाहेरच्यांशी बोलत नाही हो, डॉक्टरांना दाखवलंय, म्हणजे कान वगैरे..."

आजी म्हणाल्या, "नगं बोलू दे. माझी सासू जित्ती होती तवर मी कुठं बोलले? ती गेली अन् तोंड उघडलं, ते आजून मिटंना."

कोपऱ्यात परात घेऊन उभ्या असलेल्या मामी खाकरल्या.

मिलिंदनं प्रिंट काढली आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी टेबलावर ठेवली. आजी वाकून बघत राहिल्या. बराच वेळ.

"एकाच दारात बसल्यावानी दिसायलाव," त्या हळूच म्हणाल्या.

मी डोळे पुसायला वळले. तोवर मागून आवाज आला, "पर मला इतकं लांब कामून बसविलंस? सरकीव जरा त्याच्याकडं."

मिलिंदनं दोन्ही फोटो एकाच फ्रेममध्ये, कडेला कड भिडवून बसवून दिले.

* * *

तर अशी ही माणसं. मी अंधाराची चिंता करत उशीवर कूस बदलत होते आणि ही माणसं त्याच अंधारात येऊन बसत होती, हसत होती, रडत होती, पेढे ठेवून जात होती. एकानंही माझ्या लेकीला 'अगं, बोल की' म्हटलं नाही. मीच म्हणायची. रोज.

मार्च सरत आला तशा बालवाडीच्या बाई स्टुडिओत आल्या. डाळिंबी साडी, केसात अबोलीचा गजरा. निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यांचा फोटो बालवाडीच्या भिंतीवर लागणार होता. "लेकरं बघून भ्यायला न्हाई पायजेत," एवढीच त्यांची अट.

त्या यायच्या आधी मैत्रीला स्टुलावर बसवून मी लाईट लावून घेतला होता. बाईंचा आवाज बोळातूनच आला आणि स्टूल रिकामं झालं. काळ्या पडद्याच्या सोनेरी किनारीखाली दोन पावलांची बोटं तेवढी दिसत राहिली. बाईंनीही बघितली. काही म्हणाल्या नाहीत.

म्हणजे त्याबद्दल म्हणाल्या नाहीत. बाकी सगळ्याबद्दल बोलत होत्या. खिचडीच्या तांदळाबद्दल, सुनेच्या नोकरीबद्दल, रिटायर झाल्यावर दिवसभर कुणाशी बोलायचं याबद्दल. मी फोटो काढत होते आणि प्रत्येक फोटोत बाईंचं तोंड उघडं होतं. मिलिंदनं हात जोडले. "बाई, नुसता एक क्षण."

"हो हो, झाले गप्प," बाई म्हणाल्या आणि गप्प बसण्यावरच बोलायला लागल्या.

आणि लाईन गेली.

प्लायवूडच्या खिडक्या, दाराला पडदा. भर दुपारी स्वतःचा हात दिसेना. मिलिंद फ्यूज बघायला म्हणून चाचपडत निघाला आणि मामींच्या परातीला धडकला. परात खणखणत, गोल गोल फिरत बसली आणि मग थांबली. मिलिंदची पावलं बाहेर गेली.

त्यानंतर एकदम शांत. मला समजेना नेमकं काय चुकतंय. मग लक्षात आलं, बाई बोलत नाहीत.

"मैत्रीची आई," खूप वेळानं आवाज आला. बाईंचा, पण बारीक, कोरडा. "हायत ना तुमी इथंच? मला अंधाराचं लय भ्या वाटतं हो. ल्हानपणापासून."

मी बोलायला तोंड उघडलं.

"बाई, हलू नका."

आवाज पडद्याकडून आला होता. फोटोच्या वेळी मी सगळ्यांना म्हणते तसंच, त्याच सुरात. मामींनी अंधारात माझं मनगट शोधून घट्ट धरलं. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बाईंनी श्वास घेतल्याचा आवाज आला. सोडल्याचा आला नाही. "कोण गं?" त्या विचारत होत्या, पण इतक्या हळू, की जणू मांडीवर लेकरू झोपलंय.

पडद्याची किनार फरशीवरून सरकली. छोटी पावलं. स्टुलाच्या इतक्या जवळ, की ती आता बाईंच्या गुडघ्याशीच असणार.

"भिऊ नका," मैत्री म्हणाली. "हा आमच्या घरचाच अंधार हाय."